आषाढात पाहिलेली विहीर

रत्नागिरीला निघताना भावजयीने गाडीच्या डिकीत वीस लिटर पाण्याचा जार ठेवला. बाहेरचं पाणी बाधतं, असं तिचं म्हणणं. ड्रायव्हरने तिला सांगून पाहिलं की आपण चाललो आहोत तिथे या दिवसांत पाण्याशिवाय दुसरं काही नसतं. तिने जार कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चादरीचे बोळे लावले आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

आम्ही तिघे होतो. माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मी. काम एकच होतं, भावाच्या मुलीसाठी मुलाचं घर पाहायचं. मुलगा आणि मुलगी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात होते, ती तपासणी विभागात, तो यंत्रांच्या देखभालीत. चार वर्षांची ओळख होती. लग्न करायचं हे दोघांनी ठरवलं होतं. नातीगोती, पत्रिका, शिक्षण यांची चौकशी होऊन गेली होती आणि कुठे खोट निघाली नव्हती. मुलगा मूळचा रत्नागिरीचा. दिवाळीनंतर तो गावी परतणार होता. तिथल्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्याला जागा मिळाली होती. त्याआधी होकार किंवा नकार व्हायला हवा होता. भावाने होकार अडवून धरला होता, कारण घर पाहिल्याशिवाय तो मुलगी देणार नव्हता. आणि घर म्हणजे त्याच्या लेखी विहीर.

भावाचं गाव करमाडच्या पुढे आहे. कपाशी, मका, थोडी मोसंबी. आमच्या भागात सोयरीक पाहायला गेलेले पुरुष चहा होईपर्यंत घरात बसतात, मग यजमान त्यांना मळ्यात नेतो. तिथे पिकाकडे कुणी फारसं पाहत नाही. सगळे विहिरीच्या काठाशी जाऊन वाकतात. एखादा खडा टाकतो आणि आवाज ऐकतो. परतीच्या वाटेवर निर्णय झालेला असतो. आमच्या घरात या पद्धतीला एक पुरवणी आहे: विहीर वैशाखात पाहायची. ही पुरवणी वडिलांनी जोडली, आणि माझ्या लग्नानंतर जोडली. माझं सासर कन्नड तालुक्यातलं. वडिलांनी तिथली विहीर श्रावणात पाहिली होती, तेव्हा ती वरपर्यंत भरलेली होती. पहिल्याच चैत्रात ती आटली.

भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता. मला माहेरी न्यायला तो चुलत्यांबरोबर आला. मी घरी नव्हते, म्हणून विचारत विचारत तो शेजारच्या शिवारातल्या विहिरीपर्यंत चालत आला. परत येताना त्याने माझ्या हातातली कळशी हट्टाने मागून घेतली आणि पन्नासेक पावलांवर खाली ठेवली. त्याला ती पेलली नाही. पुढे नवरा आणि मी शहरात आलो. मी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागले आणि जिल्हा पानाची उपसंपादक म्हणून निवृत्त झाले. दर उन्हाळ्यात टँकरच्या बातम्या माझ्या हाताखालून जात. त्या कापून चार ओळींत बसवण्याचं काम मी इतकी वर्षं केलं की माझ्यापुरता तो विषय सपाट झाला. भावाचा तसा झाला नाही. मुलीसाठी आलेली दोन स्थळं त्याने ऐन मे महिन्यात विहीर पाहून परत पाठवली होती.

या खेपेला मात्र तो स्वतःच नियम मोडत होता, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

"अक्का, तिथं समुद्र हाय, चार महिने पाऊस हाय," तो मला म्हणाला. "वैशाखाचा नियम आपल्या मुलखाचा."

पेरण्या होऊन गेल्या होत्या, पावसाने ओढ दिली होती, शेतात हाताला काम नव्हतं, म्हणून हे दिवस निवडले. भावजयीला आषाढ पसंत नव्हता. नुसतं बघायला आषाढ आडवा येत नाही, असं त्याने तिला समजावलं.

भाची नोकरीसाठी माझ्याकडे मुकुंदवाडीत राहते. मुलगी स्वतः घर पाहायला जात नाही, त्यामुळे ती येणार नव्हती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आत्या, तिथं लई प्रश्न नको विचारू."

मी विचारलं, कशाबद्दल.

"कशाबद्दलच नको. तुला सवय हाय."

तिने जुडी संपवली. मग म्हणाली की बाबांनी या वेळी नाही म्हटलं तर तो दिवाळीनंतर एकटा जाईल आणि ती इथेच राहील, तिसरं काही होणार नाही. तिने हे शिफ्टची वेळ सांगावी तसं सांगितलं.

मुलाला मी तोवर दोनदा पाहिलं होतं. एकदा तो तिला सोडायला आला आणि गाडीवरूनच नमस्कार करून गेला. दुसऱ्यांदा पाण्याच्या दिवशी. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस ठरलेला असतो. त्या सकाळी मोटर बंद पडली आणि माझी कंबर धरलेली. भाचीने फोन केला. त्याने खालच्या नळावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत बादल्या नेऊन दोन ड्रम भरले. शिफ्ट गाठायची म्हणून चहा घेतला नाही.

पहाटे निघालो. पुण्यापर्यंत आणि पुढे कऱ्हाडपर्यंत आभाळ नुसतं भरलेलं होतं. भाऊ दर तासाला गावाकडच्या शेजाऱ्याला फोन करत होता. त्याचा प्रश्न दोन शब्दांचा होता, "पडला का?" आणि उत्तर एका शब्दाचं. आंबा घाटात पाऊस असा सुरू झाला की ड्रायव्हरने वेग निम्मा केला. एका वळणावर डोंगरावरून येणारं पाणी सरळ रस्त्यावर पडत होतं. भावाने गाडी थांबवायला सांगितली आणि काच खाली करून तो ते पाहत राहिला. बाही भिजली तरी काच वर केली नाही.

हे खाली कुठे जातं, त्याने विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, नदीला. आणि नदी? समुद्राला.

गाडी दोन वळणं उतरली, तेव्हा भाऊ म्हणाला, "सगळंच?"

रत्नागिरीत पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता, पण ते घड्याळावरून कळलं. मला या शहराचं कुतूहल होतं. पाऊस ही आमच्याकडे बातमी असते. तो आला, लांबला, कमी पडला असं काही तरी. इथे तो बातमी नव्हता. लोक त्याच्याबद्दल बोलत नव्हते. छत्री घेतलेला माणूस दुसऱ्या छत्रीवाल्याशी भर पावसात रस्त्यात उभा राहून कसल्याशा कागदपत्रांविषयी सावकाश बोलत होता. घरांच्या पश्चिमेकडच्या बाजू निळ्या प्लास्टिकने झाकलेल्या होत्या. मला आधी वाटलं, बांधकामं चालू आहेत. लॉजच्या मालकीणबाईंनी सांगितलं की वाऱ्याबरोबर येणारी झड थेट भिंतीत शिरते, म्हणून दर वर्षी हा कागद बांधायचा आणि नवरात्राच्या आसपास सोडायचा. त्यांना मी एवढी साधी गोष्ट विचारते याची गंमत वाटली.

खोलीत पंखा सुरू होता आणि त्याखाली दोरीवर आधीच्या गिऱ्हाइकाचा विसरलेला टॉवेल होता. तो किती दिवसांचा आहे, हे मालकीणबाईंनाही नक्की सांगता आलं नाही. सकाळी चहाबरोबर आलेलं वर्तमानपत्र उघडताना आवाज झाला नाही. कागद कापडासारखा मऊ पडला होता. छापील कागद मी आयुष्यभर हाताळला, पण न वाजणारा पहिल्यांदाच. टेबलावरच्या मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घातलेले होते, तरी चमचा मिठात रुतून बसला होता.

भावजयीने मुलाकडच्यांसाठी पापड आणि कुरडया आणल्या होत्या. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या, कापडी पिशवीत बांधलेल्या. आमच्याकडे त्या तशाच वर्षभर कुरकुरीत राहतात. तिने पिशवी उघडली तर पापड वाकत होते. मोडत नव्हते. ती एक एक पापड हातात घेऊन वाकवून पाहत होती.

"हे काय असं झालं अक्का? हे देऊ कसं?"

तळल्यावर ठीक होतील, असं मी म्हणाले. भाऊ म्हणाला, "ओला मुलूख हाय. पापडावर जाऊ नको." त्या सकाळी तो खुशीत होता. त्याच्या चामडी चपला रात्रीतून फुगल्या होत्या, त्यांचंही त्याला काही वाटलं नाही.

मुलाचं घर शहराच्या कडेला, उतारावर होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, अंगणात दोन आंब्याची झाडं आणि खालच्या अंगाला पोफळी. भिंतींवर हिरवं शेवाळ होतं, कुंपणाच्या दगडी गडग्यांवर गवत उगवलेलं. मुलाचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, उंच आणि मोजकं बोलणारे. आई आतबाहेर करत होत्या. मुलगा रजा घेऊन आदल्या दिवशी आला होता. त्याने आमच्या छत्र्या घेतल्या आणि त्या कुठे ठेवायच्या हे फक्त त्यालाच ठाऊक असल्यासारखा तो आत गेला.

चहा व्हायच्या आत भाऊ उठला. मुलाच्या वडिलांनी न विचारता त्याला मागच्या उताराकडे नेलं, मीही गेले. चिऱ्याने बांधलेली चौकोनी विहीर, एका बाजूने पायऱ्या. त्यातल्या वरच्या तीनच दिसत होत्या. बाकी पाणी. भाऊ पायरीवर बसला, हात खाली केला आणि ओंजळभर पाणी उचललं. दोर नाही, रहाट नाही. असं पाणी त्याने घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. ते तो प्यायला, मग दुसरी ओंजळ घेऊन तोंडावर मारली. खडा टाकायची गरज पडली नाही.

पडवीत परत आल्यावर एक छोटी गोष्ट घडली. कौलांच्या पन्हळीतून पाण्याची धार अंगणात पडत होती आणि हातभर अंतरावर रिकामी बादली होती. बोलता बोलता भावाने पायाने बादली सरकवून धारेखाली ठेवली. त्याचं लक्षही नव्हतं. मुलाचे वडील हसले.

"अहो, ते भरून काय करणार? ओतायला जागा नाही."

भाऊही हसला, पण बादली त्याने मागे घेतली नाही. ती भरून वाहत राहिली. थोड्या वेळाने तो म्हणाला, आता पाण्याचं काही बघायचं राहिलं नाही, बाकी बोलणी जेवणानंतर बसून करू. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. गोष्ट ठरत आली होती.

पुरुष विहीर पाहतात तसं बायकांनी स्वयंपाकघर पाहायचं असतं. भावजय बाहेर अडकली होती, मी आत गेले. मुलाच्या आई आमटीला फोडणी देत होत्या. कोपऱ्यातल्या चुलीवरच्या दोरीवर कपडे धुरात वाळत घातले होते. मागच्या पडवीचं दार उघडं होतं. तिथे हात धुवायला गेले आणि वर पाहिलं.

आढ्याच्या वाशांवर सहा निळे ड्रम आडवे टाकलेले होते. घासून स्वच्छ केलेले, तोंडं फडक्याने बांधलेली. शेजारी जाड हिरव्या पाइपाचं वेटोळं. पाइप लांब होता, निदान रस्त्यापासून घरापर्यंत पोचेल एवढा. हे ड्रम मी ओळखत होते. असेच चार मुकुंदवाडीत माझ्या गच्चीवर आहेत. ज्या घरात पाण्याची वाट पाहावी लागते, तिथेच ते असतात.

भाचीने काय नको म्हटलं होतं, ते मला तिथे कळलं. तरी मी विचारलं.

"हे ड्रम कशाचे?"

"उन्हाळ्याचे," मुलाच्या आई म्हणाल्या. त्यांनी गॅस बारीक केला, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि मागची पानं उलटून माझ्यापुढे धरलं. एप्रिलच्या शेवटी आणि सबंध मे महिन्यात दर तिसऱ्या दिवसाला पेनाने गोल केलेला होता. "हा टँकरचा दिवस. आमचं सगळं कातळावर आहे ना. पडतं तेवढं निघून जातं, थांबत नाही. एप्रिल अर्धा झाला की विहिरीत बादली बुडत नाही."

मी विचारलं, दर वर्षी?

"पाऊस जास्त झाला म्हणून काही थांबत नाही. दर वर्षी." त्या कॅलेंडर परत लावायला वळल्या. "तुमच्या भावांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांनी सांगितलं असतं. आम्ही काही झाकलेलं नाही, ड्रम तर डोक्यावर आहेत." मग पुन्हा माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगणार त्यांना?"

मी हो म्हणाले.

"मग जेवण झाल्यावर सांगा. सकाळपासून उभी आहे मी."

जेवण छान झालं. त्यांनी आमचे पापड तळले आणि ते फुललेही. भावाने दोनदा सोलकढी मागून घेतली. बाकीचं उद्या नक्की करू असं मीच मधे म्हणाले, म्हणून बोलणी राहिली. नाहीतर तो तिथेच शब्द देऊन उठला असता. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आईने त्याला काही सांगितलं असावं.

तिथून आम्ही बंदर पाहायला गेलो. मासेमारी बंद होती. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, प्लास्टिक आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारलेल्या, एखादं घर वर्षासाठी बंद करावं तशा. समुद्र निळा नव्हता, नांगरलेल्या ओल्या मातीचा रंग होता त्याला. भाऊ एका बोटीच्या आडोशाला उभा राहिला. त्याने गावाकडे फोन करून पडला का विचारलं, नाय ऐकलं, आणि फोन खिशात टाकला. तेव्हा मी सांगितलं. ड्रम सहा, पाइप, कॅलेंडर, दर तिसरा दिवस. मी बातमी वाचून दाखवावी तसं सांगितलं, दुसरं कसं सांगायचं हे मला येत नाही.

मग त्याने फोन पुन्हा काढला आणि मुलीला लावला. पावसाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून स्पीकर सुरू केला.

"तुला ठाऊक होतं का, इथं उन्हाळ्यात पाणी नसतं?"

"व्हय."

"मंग बोलली का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही गेलाच नसता, बाबा."

फोन तसाच सुरू राहिला. भावजय इतका वेळ पदराने डोकं झाकून बोटीला टेकून उभी होती. ती फोनकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "आपल्याकडं तरी कुठं रोज नळ येतो? माझ्या बापानं नव्हती बघितली तुमची विहीर."

"म्हणून तर," भाऊ म्हणाला.

"म्हणून तर काय?"

तो गाडीकडे चालू लागला. लॉजवर येईपर्यंत त्याने खिडकीची काच वर केलेली होती.

संध्याकाळी मी मालकीणबाईंना त्यांच्या विहिरीबद्दल विचारलं. कॅलेंडर एका घराचं होतं. दुसरीकडून पडताळून पाहणं ही जुनी सवय. त्यांनीही तेच सांगितलं. पावसाळ्यात विहिरीत पडू नये म्हणून मुलांना सांभाळायचं आणि मे महिन्यात त्याच विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायचं. मला ते विलक्षण वाटलं. दोन मुलखांत एवढा घाट मधे, एकीकडे पाऊस येत नाही आणि दुसरीकडे थांबत नाही, आणि मे महिन्यात दोन्हीकडे बाई टँकरची वाट बघते आहे. इतक्या वर्षांत या किनाऱ्यावरच्या टँकरची एकही बातमी माझ्या पानावर आली नव्हती. पान आमच्या जिल्ह्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ न सांगता मुलाच्या घरी निघाला. आम्ही मागून. पाऊस तसाच होता. मुलाचे वडील पडवीत पेपर वाचत होते. ते उठायच्या आत भाऊ म्हणाला की बसणार नाही, एकच विचारायचं आहे. मुलगा आणि त्याची आई दारात आले.

मला वाटलं, तो विहिरीबद्दल विचारेल. कधी आटते, टँकर किती वाजता येतो.

"उन्हाळ्यात पाणी कोण भरतं?" भावाने विचारलं.

मुलाचे वडील पेपरची घडी करत राहिले. घडीचा आवाज होत नव्हता. मुलाच्या आईने आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग सरळ उत्तर दिलं. "टँकरचा पाइप हे धरतात. ड्रम घासणं, भरून ठेवणं, त्यातलं पाणी आत आणणं, ते मी. हा होता तोवर हा करायचा. चार वर्षं मीच."

"आन आता?"

"आता मी परत येतोय ना," मुलगा म्हणाला.

भाऊ त्याच्याकडे वळला. "तोंडानं सगळेच भरतात. आमच्याकडं चार वर्षं हाईस. तिथं कोण भरतं?"

मुलगा म्हणाला, खोलीवर तिघे होते, पाळी लावलेली होती. त्याहून जास्त तो काही बोलला नाही. दुसऱ्या मजल्यावर नेलेल्या बादल्या त्याने सांगितल्या नाहीत. विसरला असेल, किंवा सांगण्यासारखं वाटलं नसेल. मला थांबायचं कारण नव्हतं.

"माझ्याकडे भरलंय त्याने," मी म्हणाले. "दोन ड्रम. खालून वर."

"किती वेळा?"

"एकदा. मी एकदाच पाहिलं."

भावजयीला हसू आलं. तिला वाटलं असेल की इथे तरी मी दोन-चार वेळा म्हणायला हवं होतं. भाऊ हसला नाही. त्याने मुलाकडे पाहिलं, मग दारातल्या बाईंकडे, मग खाली आपल्या पायांकडे. आदल्या दिवशी त्याने सरकवलेली बादली तिथेच धारेखाली होती, कुणी हलवली नव्हती.

"अक्कानं सांगितलं म्हणजे झालेलं असतं," तो म्हणाला. मग मुलाच्या वडिलांना, "दिवाळीनंतरची तिथी बघा. पण वैशाखात मी येणार. विहीर मी वैशाखातच बघतो."

"यावं की," मुलाचे वडील म्हणाले. "बघण्यासारखं काही नसेल."

निघताना मुलाच्या आईने डिकीतला जार पाहिला. आमच्यापैकी कुणीच त्यातलं पाणी प्यायलं नव्हतं, जेवायला गेलो तिथे विहिरीचंच घेतलं होतं. त्यांनी भावजयीला विचारलं, हे एवढं पाणी कुठून आणलंत. तिने सांगितलं. दोघींनी मिळून जार पोफळींच्या मुळाशी रिकामा केला आणि विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर बुडवून भरला. घरी पोचेपर्यंत तो कलंडला नाही. गावात तेव्हाही पाऊस नव्हता.

लग्न दिवाळीनंतर करमाडजवळच्या मंगल कार्यालयात झालं. वैशाखात भाऊ म्हणाला होता तसा गेला. एकटा, एसटीने, दोन टप्पे करून. जाताना त्याने दोन नवे निळे ड्रम एकात एक घालून बरोबर नेले. कंडक्टरशी त्यावरून वाद झाला, असं नंतर कळलं. त्याच आठवड्यात भाचीने मला एक फोटो पाठवला. वरून काढलेला. चिऱ्याच्या पायऱ्या शेवटपर्यंत दिसत होत्या, मी मोजल्या, सतरा भरल्या. तळाशी दोन माणसं गाळ उपसत होती. एक उंच होता. दुसऱ्याच्या डोक्यावर भावाची टोपी होती आणि हातात फावडं, आणि तो कॅमेऱ्याकडे नाही, चिऱ्याच्या एका सांध्याकडे बोट दाखवत होता.

मी फोन केला. बाबा म्हणतात झरा जिवंत आहे, गाळाने बुजला होता, भाचीने सांगितलं. पाणी किती आहे विचारलं तर म्हणाली, वीतभर.

"आणि ड्रम?"

"आठ झाले. तू विचारणार मला माहीत होतं." तिच्यामागे पाइप ओढल्याचा आवाज येत होता. "मागच्या खेपेला मी भरले. आज तो भरतोय."